कानवाल्या ताईची गाडी

मी एक जुनी मोटार आहे. रंगाने पांढरी, पण मागचं डावं दार निळं. ते दार माझं नाही. कुठल्याशा दुसऱ्या गाडीचं आहे, आणि तिच्या पश्चात माझ्याकडे आलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मित्रांनो, मला त्याची सवय आहे. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, ही रडकथा नाही. मला भंगारात जायचं नाही, आणि का जायचं नाही ते मी आज तुम्हांला नीट सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्हा गाड्यांची रांग हळूहळू पुढे सरकायची. एकीला चाकं लागत, तोवर तिच्या मागचीला दिवे बसत. कारखान्यातली माणसं कामापुरतंच बोलायची. पण मी बाहेर पडताना शेवटच्या माणसाने माझ्या बॉनेटवर हलकेच थोपटलं होतं. लहानपणीचं मला तेवढंच आठवतं.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. दातांसारखी गाडीही रोज घासली पाहिजे, असं त्यांचं मत होतं. त्यांनी मला इतकं चकचकीत ठेवलं होतं, की शेजारचे लोक माझ्या दारात बघून भांग पाडत. त्या दिवसांत मला जरा शिष्टपणाची बाधा झाली होती, हे कबूल करते. साधं डबकं दिसलं तरी मी नाक मुरडायची. मग डॉक्टरांनी माझ्याहून मोठी गाडी घेतली आणि माझी रवानगी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये झाली.

तिथे माझा सगळा तोरा उतरला. डोक्यावर पाटी बसली. क्लच म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्या सगळ्यांनी ते माझ्या जिवावर शिकून घेतलं. कुणी मला कुंपणात घातलं, कुणी खांबावर नेलं, आणि एकाने तर शिकवणाऱ्या सरांच्याच स्कूटरवर. माझं डावं दार गेलं ते त्या वेळी. पण सहा वर्षांत कितीतरी लोकांना मी रस्त्यावर आणलं, म्हणजे चांगल्या अर्थाने. त्याचा मला आजही अभिमान आहे.

त्या शिकाऊ मंडळींतच ताई होती. गिअर कधी बदलायचा हे सरांनी ओरडून सांगायच्या आतच तिला माझ्या आवाजावरून कळायचं. तिचा व्यवसायच कानाचा होता. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना ती कानाची मशीनं बसवून द्यायची. तिला लायसन्स मिळालं आणि त्याच महिन्यात स्कूलने मला काढून टाकायचं ठरवलं. ताई सरांना म्हणाली, "हिचं बोलणं मला कळतं सर. मला हीच द्या." एवढी वर्षं मी सगळ्यांची बोलणी खाल्ली होती. माझंही काही बोलणं असतं, हे पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं.

लोकांना वाटतं, कानाचं मशीन दिलं की काम संपलं. ताईचं काम तिथून सुरू व्हायचं. मशीन शिट्टी मारतं, नळीत मळ अडकतो, सेल उलटा बसतो, कानाचा साचा सैल पडतो. मग म्हातारं माणूस कंटाळून मशीन डबीत ठेवून देतं, आणि घरातले म्हणतात, "हल्ली बाबा बोलतच नाहीत." ज्यांना जिना उतरवत नाही, ज्यांना आणायला-सोडायला कुणी नाही, त्यांच्याकडे ताई आपण होऊन जायची. मागच्या सीटवर तिची पेटी, बारीक ब्रश, साचा घ्यायचा मऊ लगदा. लोक तिला कानवाली ताई म्हणत आणि मला कानवाल्या ताईची गाडी. नऊ वर्षं आम्ही दोघी अशा हिंडलो.

आता म्हातारपण काही कुणाला चुकलेलं नाही. आधी माझा रेडिएटर गळू लागला. मग सायलेन्सर सुटला. मग पुढच्या दाराची काच वर करायला पकड लागू लागली. ताईचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, मला बघितलं की कपाळाला हात लावायचा.

"एक सांधावं तर तेरा तुटतात हिची," तो म्हणायचा. "तुझ्या त्या मशीनच्या कंपनीचं दुकान आहे ना, तिथे बस. पेशंट येतील तुझ्याकडे."

"जे येऊ शकतात ते येतील दादा. बाकीच्यांचं काय?"

"आणि तू कुठे आडरानात अडकलीस तर तुझं काय?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. एकदा भर चढावर माझ्यातून वाफ निघाली होती आणि ताई दोन तास रस्त्याच्या कडेला उभी होती. दादाचा राग मला यायचा, पण तो माझ्या वाईटावर नव्हता, बहिणीच्या काळजीत होता. ज्या गाडीवर विश्वास टाकता येत नाही ती गाडी काय कामाची, हे मलाही कळत होतं.

टेकडीवरच्या शेवटच्या घरात एक निवृत्त कंपोझिटर राहत. आयुष्यभर छापखान्यात शिशाची अक्षरं जुळवली, आणि यंत्रांच्या खडखडाटात कान गेले. त्यांचं मशीन शिट्टी मारायला लागलं, म्हणून त्यांनी ते काढूनच ठेवलं. सुनेचा ताईला फोन आला. "नातू हाका मारून मारून थकला आणि आता मारायचाच थांबला," ती म्हणाली. टेकडीवर बस जात नाही. ताई म्हणाली, उद्याच येते.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. चढाला लागलो आणि ताईचा डावा पाय पायपुसण्याखाली मऊसर काहीतरी दाबून गेला. तिने मला कडेला घेतलं आणि पायपुसणं उचललं. खाली बोराएवढं भोक होतं आणि त्यातून रस्ता दिसत होता.

माझी तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखी अवस्था झाली. वर्षानुवर्षं समोरच्या काचेखालच्या जाळीत वाळकी पानं साचत होती. पाणी वाहून जायची वाट तिथूनच असते. ती तुंबली, पाणी गुपचूप आत झिरपलं आणि पत्रा खालून खाऊन टाकला. ताईला माझी खडखड कळायची, कुरकुर कळायची. पण गंजाला आवाज नसतो, मित्रांनो.

ताईने मला तशीच हळूहळू गॅरेजला आणलं. तिथले मिस्त्री एका टेंपोखाली आडवे झाले होते. ते बाहेर आले, अंगठ्याने माझा पत्रा दाबून पाहिला, भोकातून खाली पाहिलं, आणि म्हणाले, "बघू." एवढं बोलून पुन्हा टेंपोखाली गेले.

ताईचा चेहरा उतरला. त्याचं कारण मला पुढे कळलं. तिच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. लहानपणी सहलीला पाठवता का विचारलं, की वडील म्हणायचे, "बघू." सायकल घेता का? "बघू." घरात कधीही कुणी कुणाला थेट नाही म्हटलेलं नव्हतं, आणि 'बघू' नंतर काही झाल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. ताई घरी गेली आणि दादाला म्हणाली, "मिस्त्री नाही म्हणाले." दादाने लगेच भंगारवाल्याला फोन लावला. ताईने कंपनीला कळवलं, की सोमवारपासून ती दुकानात बसेल.

इकडे मिस्त्रींनी टेंपो हातावेगळा केला आणि ते माझ्याकडे वळले. त्यांनी सीटा काढल्या, गालिचा काढला, त्याखालचा ओला कापूस काढला, जाळीतली मूठभर पानं काढली. तारेच्या ब्रशने मला घासून काढलं. अंगाची आग आग झाली, पण मी ठरवलं होतं, हूं की चूं करायचं नाही. ज्याला आपल्याला वाचवायचं आहे, त्याच्यासमोर आपलं कुजकं अंग झाकून चालत नाही.

तिसऱ्या दिवशी भंगारवाला मला ओढून न्यायला गाडी घेऊन दारात हजर. मागोमाग ताई आणि दादा. मिस्त्री हातात ब्रश घेऊन दारात उभे राहिले.

"हे कशाला आलेत?"

"गाडी न्यायला," ताई म्हणाली. "तुम्हीच नाही म्हणालात ना काका."

"मी? कधी?"

"परवा. बघू म्हणालात."

"मग बघतोच आहे की! तीन दिवस झाले, दुसरं काय करतोय?"

ताई आणि दादा एकमेकांकडे बघायला लागले. मग ताई ओशाळून म्हणाली, "आमच्याकडे बघू म्हणजे नाही."

"आमच्याकडे नाही म्हणजे नाही," मिस्त्री म्हणाले. "त्याला आणि निराळा शब्द कशाला पाहिजे?"

दादालाही हसू आवरेना. पण तो लगेच गंभीर झाला. "काका, हसण्यावारी नका नेऊ. ही टेकड्या चढून एकटी जाते. खालचा सांगाडा कुजला असेल आणि वाटेत काही झालं तर? मला फक्त एवढंच सांगा, ही गाडी माझ्या बहिणीला घेऊन जाण्याच्या लायकीची आहे का?"

हाच खरा प्रश्न होता. मिस्त्रींनी मला जॅकवर उंच घेतलं, एक लहान हातोडी काढली आणि ताईच्या हातात दिली. "झिजलेलं बदलता येतं. कुजलेलं बदलता येतं, पण पत्र्यापुरतं. सांगाडा कुजला असेल तर मीच नाही म्हणेन. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. कान तुमचा आहे. तुम्हीच ऐका."

ताई माझ्याखाली गेली. तिने पुढून ठोकायला सुरुवात केली. खण्. खण्. एक हात पुढे, पुन्हा खण्. मला जगायचं होतं, मित्रांनो, फार जगायचं होतं. पण मी मनाशी ठरवलं, की जो आवाज असेल तोच द्यायचा. ताईला फसवून मिळालेलं आयुष्य मला नको होतं.

उजवी बाजू संपली. डाव्या बाजूला मागच्या चाकाजवळ ताईने ठोकलं आणि आवाज आला, बद्द.

भंगारवाल्याने साखळी सरळ करायला घेतली. ताईने पुन्हा ठोकलं. बद्द. तिने डोळे मिटले, कान जवळ नेला आणि तिसऱ्यांदा अगदी हलके ठोकलं.

"काका, हे कुजलेलं नाही," ती म्हणाली. "कुजलेलं बद्द वाजतं, पण पोकळ. हे भरलेलं वाजतंय. कान मळाने भरला, की असाच जड आवाज ऐकू येतो."

मिस्त्रींनी पाण्याची नळी आणली. सांगाड्याच्या त्या खोबणीतून चिखल निघाला, माती निघाली, ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानातली खडी निघाली. माझ्या तरुणपणीची सगळी धूळ बाहेर पडली. ताईने हातोडी दादाच्या हातात दिली. "आता तू ठोक."

दादाने ठोकलं. मी खणखणीत वाजले. खरं सांगायचं, तर आयुष्यभर हॉर्न वाजवून झाला नव्हता एवढा आनंद मला त्या एका आवाजाने झाला.

"पुढचा पत्रा कापून नवा घालतो," मिस्त्री म्हणाले. "सहा महिन्यांनी आणायची, पुन्हा ठोकून ऐकायचं. ज्या दिवशी सांगाडा बद्द वाजेल, त्या दिवशी हातोडी खाली ठेवायची. त्याआधी नाही आणि त्यानंतर एक दिवसही नाही."

दादाने मान डोलावली. भंगारवाला साखळी गुंडाळत म्हणाला, "काही हरकत नाही. आज ना उद्या सगळ्यांना आमच्याकडेच यायचंय."

"व्हा तुम्ही पुढे," मिस्त्री म्हणाले, "आम्ही येतो सावकाश."

ताईने तिथूनच कंपनीला फोन केला आणि दुकानाला चक्क नाही म्हणून सांगितलं. त्यांच्या घराण्यातलं ते पहिलं 'नाही' असावं. ते म्हणताना तिचा आवाज जरासा कापला, पण मोडला नाही.

मित्रांनो, मला कायमचं जगायचं नाही. माझाही दिवस येईल, आणि तो आला की मी रडगाणं गाणार नाही. पण तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूचा निकाल तिच्या रंगावरून, वयावरून किंवा शेजाऱ्यांच्या हसण्यावरून लावू नका. तिला उघडा, घासा, ठोकून ऐका. आणि जाळीतली पानं वेळच्या वेळी काढा. दोन मिनिटांचं काम आहे. ते कुणी केलं असतं तर मला नवा पत्रा लागलाच नसता.

पत्रा बसला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही टेकडी चढलो. एका दमात नाही, पण चढलो. कंपोझिटर ओसरीवर बसले होते आणि नातू त्यांच्याकडे पाठ करून एकटाच खेळत होता. मी अंगणात इंजिन चालू ठेवून उभी राहिले, कारण चढ चढून आल्यावर लगेच बंद करू नका असं मिस्त्रींनी बजावलं होतं. ताईने नळी साफ केली, नवा साचा बसवला, मशीन त्यांच्या कानात घातलं आणि कळ फिरवली. शिट्टी आली नाही. आजोबांनी भुवया आकसून थेट माझ्याकडे पाहिलं.

"काय भयंकर आवाज करते हो तुमची गाडी!" ते म्हणाले.

नातवाने खेळ टाकला आणि तो धावत आला. "आजोबा, तुम्हांला गाडी ऐकू आली?"

"गाडीही आली," आजोबा म्हणाले, "आणि तूही आलास."