स्वयंपाकघर घेऊन पळालेली घोडी

सेनोविया हुआमानने त्या फेरीला काकांची करडी घोडी मागून घेतली ती निव्वळ अंड्यांपायी. साठ अंडी, गॅसच्या दोन टाक्या, पातेली, तवे आणि डोंगर चढायला आलेल्या आठ पाहुण्यांचा पाच दिवसांचा शिधा तीन खेचरांवर लादायचा आणि काचोरा गावातून चोकेकिराओच्या जुन्या इंका नगरापर्यंत न्यायचा. वाट म्हणजे आधी गुडघे मोडेपर्यंत नदीकडे उतरायचं आणि मग तेवढंच पलीकडचा कडा चढायचा. खेचरं आपल्या मर्जीने चालली की उड्या मारतात. गळ्यात घंटा बांधलेली घोडी पुढे असली की मात्र तिच्या मागे निमूट रांगेने चालतात.

"तिला दोन महिन्यांचं शिंगरू आहे," तिबुर्सियो काका म्हणाले. "ते गोठ्यात टाकून ही बया पाच दिवस येईल होय?"

"काका, अंडी फुटली तर पाहुण्यांना काय तुमची मिशी तळून घालू?"

"ने बाई, ने. तू शेफ. आम्ही आपले खेचरवाले."

शेफ हा शब्द काका मुद्दाम घोळवून म्हणत. पंधरा वर्षं सेनोविया याच वाटेवर दुसऱ्यांच्या हाताखाली बटाटे सोलत आली होती. मुख्य स्वयंपाकी म्हणजे पुरुषच, असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. यंदा कुस्कोतल्या सहल कंपनीच्या मालकीणबाईंनी, दोन्या इरेनेंनी, तिला एक फेरी देऊन बघायचं ठरवलं. एकच. "शेवटच्या दिवशी पाहुणे अभिप्रायाचे कागद भरतील," त्यांनी सांगितलं होतं. "कागद चांगले आले तर सगळा हंगाम तुझा. नाहीतर तुझी सुरी आहे आणि बटाटे आहेत."

सेनोवियाला ही फेरी हवी होती. भूक लागल्यावर भाकरी हवी असते तशी हवी होती, आणि ते लपवण्यात तिला काही अर्थ वाटत नव्हता.

पहिला दिवस छान पार पडला. नदीकाठच्या तळावर तिने किनोआचं सूप, लिंबू पिळलेली कोंबडी आणि वर दालचिनी घातलेली खीर केली. पाहुण्यांचा वाटाड्या एडिल्बेर्तो कुस्कोचा. तीन भाषा बोलायचा आणि तिन्ही भाषांत काळजी करायचा. त्यानेसुद्धा दुसऱ्यांदा खीर घेतली.

दुसऱ्या दिवशी खडा चढ. पाहुण्यांना दुपारचे डबे बांधून देऊन सेनोविया पुढे निघाली. मारांपाता या डोंगरमाथ्यावरच्या चार घरांच्या वस्तीत तळाला चांगली जागा धरायची, तर इतर कंपन्यांच्या आधी पोहोचायला हवं. पाठीवरच्या विणलेल्या कापडात फक्त मीठ, सुरी, चीजचा एक गोळा आणि कोकाच्या पानांची पिशवी. बाकी सगळं खेचरांवर, मागून काकांबरोबर.

दुपारी एकला काका आले. त्यांच्याबरोबर दोन खेचरं होती आणि दोन्हींवरही तंबूच होते.

सेनोवियाने त्यांच्या मागे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी टोपी काढली.

"माझं स्वयंपाकघर कुठाय?"

"आता असं बघ..."

"काका!"

"वाटेत सांता रोसाच्या वस्तीत दोन मिनिटं थांबलो. तिथल्या बाईने उसाची नवी दारू गाळली होती, बोटभर चाखून बघा म्हणाली. बाहेर आलो तर घोडी वळलेली. शिंगराची आठवण झाली असणार तिला. घंटा वाजवत खाली सुटली आणि तुझी तिन्ही खेचरं तिच्या मागे. ही दोन बांधलेली होती म्हणून राहिली."

"बोटभर! तुमचं बोट केवढं आहे ते मला माहीत आहे!"

"आणि घोडी कुणी मागितली होती? मी सांगितलं नव्हतं शिंगराचं?"

ते खरं होतं, आणि सेनोवियाला ते माहीत होतं. ती दगडावर मटकन बसली. तीनला पाहुणे येणार होते, अर्धमेले आणि भुकेले. हातात चीजचा गोळा होता. हंगाम हातातून चालला होता आणि घंटा वाजवत चालला होता.

काका तसेच पाण्याचा घोट घेऊन परत उतरायला निघाले. "नदीवरच्या पुलापाशी कुणीतरी अडवेलच. उद्या दुपारपर्यंत आणतो. तू आजचं निभाव."

निभाव म्हणे. सेनोविया उठली आणि वस्तीतल्या सगळ्यात वरच्या घरी गेली. तिथे सातुर्निना नावाची सत्तरीची म्हातारी एकटीच राहायची. तिच्या घरामागे उतारावर बटाट्याचं शेत होतं. अर्ध्या सऱ्या काढलेल्या, अर्ध्या तशाच.

घाईघाईत सेनोविया पायरीवरूनच बोलली. "मामाय, बटाटे विकत द्याल का? म्हणाल ते पैसे देते."

म्हातारी मक्याचे दाणे सोडवत होती. तिने मान वर केली नाही. "पैसे उकडून खाऊ का मी?"

तेव्हा कुठे सेनोवियाला आपली चूक कळली. आईने हे पाहिलं असतं तर तिथेच पाठीत धपाटा घातला असता. ती खाली बसली, पिशवी उघडली, कोकाची तीन धड पानं निवडून एकावर एक ठेवली आणि दोन्ही हातांनी म्हातारीपुढे धरली. म्हातारीने ती घेतली, डोंगराच्या दिशेने फुंकर घातली आणि तोंडात टाकली.

"आता बोल. कुणाची तू?"

सेनोवियाने सगळं सांगितलं. घोडीचं, शिंगराचं, बोटभर दारूचं. म्हातारी हसून हसून खोकायला लागली.

"माझे दोघं पोरगे आबांकाय शहरात गेलेत गाड्या चालवायला," ती म्हणाली. "सहा सऱ्या तशाच पडल्यात. बटाटे विकायचे नाहीत मला, काढायचे आहेत. आयनी कर. आज तुझे हात माझ्या शेतात, माझे बटाटे तुझ्या ताटात. किती हात आहेत तुझ्याकडे?"

सेनोवियाने मनात हिशेब केला. स्वतःचे दोन, एडिल्बेर्तोचे दोन. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, "वीस, मामाय."

तीन वाजता पाहुणे आले. कुणी लंगडत, कुणी काठीवर लोंबकळत. सेनोवियाने एडिल्बेर्तोला बाजूला घेतलं.

"तुला वेड लागलंय," तो कुजबुजला. "हे लोक फोटो काढायला आलेत, बटाटे काढायला नाही! कागदावर काय लिहितील? 'आम्हाला शेतात राबवलं'?"

"आणि उपाशी ठेवलं तर काय लिहितील?"

एडिल्बेर्तोने आकाशाकडे पाहिलं, शर्ट खाली ओढला आणि पाहुण्यांसमोर जाऊन मोठ्या उत्साहाने काहीतरी सांगितलं. सेनोवियाला ती भाषा येत नव्हती. पण त्याच्या हातवाऱ्यांवरून कळलं, की हे सगळं पहिल्यापासूनच कार्यक्रमात होतं असं तो ठोकून देतोय.

पाहुणे एकमेकांकडे बघत राहिले. मग हॉलंडहून आलेली मारायके, अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेली, तिने काठ्या खाली टाकल्या. तिचे वडील बटाटेच लावायचे, असं एडिल्बेर्तोने भाषांतर करून सांगितलं. तिने म्हातारीच्या हातातली आखूड कुदळ घेतली आणि सरीत उतरली. पहिल्याच घावाला तिने एकही बटाटा न चिरता अख्खं झाड उलथवलं. म्हातारी "आ!" म्हणाली, आणि हे तिचं फार मोठं कौतुक होतं. आता बाकीचे मागे राहतात कशाला!

जांभळे, पिवळे, काळे, आत लाल वर्तुळ असलेले बटाटे निघायला लागले. प्रत्येक नव्या रंगाला पाहुणे ओरडायचे. सेनोवियाने शेतातलीच सुकी ढेकळं गोळा करून भट्टी रचायला घेतली. मोठी ढेकळं खाली, लहान वर, पुढे आग घालायला तोंड, वरून घुमट. कॅनडाचा उंच कॉलिन मदतीला आला. त्याने सर्वांत वरचं ढेकूळ ठेवलं आणि सगळा घुमट धाडकन कोसळला.

"विचार त्याला, लग्न झालंय का?" म्हातारी म्हणाली.

एडिल्बेर्तोने विचारलं. नव्हतं झालं.

"मुलगी वाचली म्हणायची!"

भाषांतर झाल्यावर सगळ्यांत जास्त कॉलिनच हसला. दुसऱ्यांदा त्याने सेनोवियाच्या हाताकडे बघत बघत रचलं आणि घुमट उभा राहिला. आत लाकडं पेटवली. ढेकळं आधी काळी पडली, मग हळूहळू लाल झाली. तशी सेनोवियाने बटाटे आत सोडले, काठीने सगळा घुमट त्यांच्यावर पाडला आणि वरून माती लोटली. एवढ्या मेहनतीने रचलेली भट्टी तिने स्वतःच पाडली, हे बघून कॉलिनचा जीव कळवळला. तो तोंड उघडं टाकून उभा राहिला.

बटाटे भाजेपर्यंत म्हातारीच्या पाट्यावर सेनोवियाने रोकोतो मिरची, हुआकाताय पाला आणि चीज वाटलं. माती बाजूला सारली तेव्हा असा वास सुटला की शेजारच्या कंपनीच्या तंबूतले लोकही काही काम असल्यासारखे फिरत आले. पहिला बटाटा म्हातारीने फोडून मातीलाच दिला. दुसरा मारायकेला. तिने तो हातावर झेलत सोलला, चटणीत बुडवला, खाल्ला आणि डोळे मिटले. कुणी ताट मागितलं नाही, काटा मागितला नाही. काळ्या बोटांनी, काळ्या तोंडांनी सगळे खात सुटले. सेनोवियाला एकदम हलकं वाटलं. हंगाम मिळो न मिळो, आज कुणी उपाशी झोपणार नव्हतं.

सकाळी उरलेले बटाटे निखाऱ्यावर गरम केले, म्हातारीने उकडलेला मका दिला आणि पाहुणे इंका नगराकडे निघाले. सेनोविया सवयीने भांडी घासायला वळली. भांडी नव्हतीच.

"मग चला की," एडिल्बेर्तो म्हणाला. "इथे बसून काय करणार?"

पंधरा वर्षांत ती या वस्तीपर्यंत चाळीसेक वेळा आली होती. चोकेकिराओ तिने एकदाही पाहिलं नव्हतं. पाहुणे बघायला जायचे तेव्हा त्यांचं जेवण शिजत असायचं. शिजतं टाकून कोण जाणार?

तासाभराच्या वाटेवर वळण संपलं आणि ती थबकली. हिरवा माथा, पांढऱ्या-करड्या भिंती, आणि तिन्ही बाजूंनी दरीत तुटलेले कडे. पाहुणे भिंतींचे फोटो घेत होते. एडिल्बेर्तो दुसऱ्या अंगाला, कड्यावरच्या उतरत्या शेतांकडे तिला घेऊन गेला. तिथे बांधाच्या दगडांत पांढऱ्या दगडांचे लामा बसवले होते, एकापुढे एक, चढणीला लागलेले. ओझी वाहणारा तांडाच होता तो.

सेनोवियाने एका लामाच्या पायावर हात ठेवला. दगड उन्हाने कोमट झाला होता. कुणीतरी इथे दगड वाहिले, कुणीतरी त्यांचं खाणं शिजवलं, आणि कुणाला तरी आपल्या जनावरांची एवढी माया, की ती भिंतीत घडवून ठेवली. तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

"बांध मात्र काय घातलेत," ती म्हणाली. "एक दगड हललेला नाही."

सेनोविया वस्तीवर परतली, आणि दुपारी दोनला काका घोडीसकट, खेचरांसकट हजर झाले. नदीच्या पुलावर पहारेकऱ्याने अडवून ठेवली होती सगळ्यांना. सेनोवियाने आधी अंड्यांची पेटी उघडली. साठच्या साठ शाबूत.

"बघितलंत?" ती म्हणाली. "पळाली, पण कशी चालीने पळाली!"

"लग्न कर तिच्याशी," काका म्हणाले.

पुढचे दोन दिवस तिने असं रांधलं की काकांनीसुद्धा बोटं चाटली. शेवटच्या दिवशी परतीच्या वाटेवर कापुलियोकच्या खिंडीत चढून आल्यावर पाहुण्यांनी बाकावर बसून कागद भरले. एडिल्बेर्तोने ते तिथेच फोनवरून दोन्या इरेनेंना वाचून दाखवले, कारण त्या खिंडीतच काय तो फोन लागतो. मग त्याने फोन सेनोवियाकडे दिला आणि हाताने तोंडावर कुलूप लावल्याची खूण केली.

"आठच्या आठ जणांनी दुसरा दिवस सर्वांत चांगला लिहिलाय," पलीकडून आवाज आला. "बटाट्यांचा कार्यक्रम. मला न विचारता ठेवलास तो, पण जाऊ दे. पुढच्या वर्षी सगळ्या फेऱ्यांत तोच ठेवू म्हणतेय."

एडिल्बेर्तो मान हलवत होता: हो म्हण, हो म्हण.

सेनोवियाला सातुर्निनाचं शेत दिसत होतं. सहा सऱ्या, आणि त्या आता काढून झाल्या होत्या. "नाही ठेवता येणार, बाई," ती म्हणाली. "तिथे काढायला काम होतं म्हणून आम्ही काढले. नसताना खोटं खोटं कसं काढायचं? आणि तो कार्यक्रम नव्हताच. घोडी स्वयंपाकघर घेऊन पळाली होती. शिंगरू घरी होतं, तरी मीच हट्टाने तिला नेली. चूक माझी."

एडिल्बेर्तोने कपाळावर हात मारून घेतला. सेनोविया दरीकडे पाठ करून उभी राहिली.

मग दोन्या इरेने दोन वाक्यं बोलल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

काका खेचरांचे पट्टे सैल करत होते. "काय म्हणाल्या?"

"यापुढे घोडी तुम्ही निवडायची."

"हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. आणि?"

सेनोवियाने काकांची बाही धरली, रडत आणि हसत.

"आणि हंगामभर जेवण मी करायचं."