दीड वेढा

खरं तर हे मी सांगायचं नाही. झाकणं हे माझं काम, आणि झाकणाऱ्यानं बोलायचं नसतं. पण खाली कुणीतरी स्टूल ओढतंय आणि माझ्याकडे आता फार वेळ नाही, म्हणून बोलते.

मी काळी चिकटपट्टी. वायरींच्या जोडावर गुंडाळतात ती. या स्वयंपाकघरात सिंकच्या वर एक पितळी दिवा आहे, त्याच्या पोटात मी तीन वर्षं राहते आहे.

गुंडाळीत माझा नंबर शेवटचा होता. माझ्या बहिणी कुणी पंख्यात गेल्या, कुणी मिक्सरच्या वायरीवर, एक तर चष्म्याच्या दांडीवर गेली. मी पुठ्ठ्याला घट्ट चिकटले होते. मला ओढून काढताना माझा अर्धा गोंद पुठ्ठ्यावरच राहिला.

मला इथं आणणाऱ्या वायरमनला सगळे 'होऊन जाईल' म्हणतात. काहीही विचारलं तरी तो तेवढंच म्हणतो. दिवा आईनं हौसेनं आणला होता. बटणसुद्धा त्याच्या पितळी अंगावरच. भिंतीतून तीन वायरी आल्या होत्या, पण चार बोटं कमी पडत होत्या. नवी वायर ओढायला अर्धा दिवस गेला असता. त्यानं खिशातून वायरीचा तुकडा काढला, दातानं सोलला, पीळ दिला आणि वर मला गुंडाळलं. तीन वेढे हवे होते. मी दीडच पुरले.

"आणि ही हिरवी वायर?" दाराशी उभ्या ताईनं विचारलं. ताई ही घरातली मोठी मुलगी. ती दिवसाला साधारण सहा वाक्यं बोलते, त्यातलं हे एक.

"ती शोभेची असते," तो म्हणाला आणि त्यानं ती मुळापासून कापली.

दुसऱ्या स्क्रूचं भोक जुळेना, म्हणून दिवा एकाच स्क्रूवर जरा वाकडा बसला. कडेला राहिलेल्या फटीतून मी पुढं सगळं पाहिलं. दिवा लागला तेव्हा बाबा म्हणाले, "माणूस कामाचा आहे हं."

कुकरच्या वाफेनं काही महिन्यांतच माझा उरलेला गोंद सुटला. माझं टोक उचकटलं, तार उघडी पडली आणि पितळेला टेकली. त्या दिवशी आईनं बटण दाबलं आणि "आई गं!" म्हणून हात झटकला.

"हात ओले असतील," बाबा म्हणाले. सिंकपाशी आईचे हात कधी कोरडे असतात, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

वायरमनला फोन झाला.

"अहो, दिवा चावतो."

"लागतो ना पण?"

"लागतो."

"मग झालं तर. चप्पल घालून लावा, होऊन जाईल."

आणि खरंच झालं. सिंकखाली निळी रबरी चप्पल आली. ती पायात घातल्याशिवाय दिव्याला हात लावायचा नाही, असा नियम ठरला. दिवा नीट करून घेण्यापेक्षा माणसांना सवय लावून घेणं सोपं जातं. पाहुणा आला की पाण्याच्या आधी त्याला चप्पल दाखवत. मामा म्हणाला, "हॅ, मला काही होत नाही," आणि अनवाणीच त्यानं दिव्याला हात लावला. मग तीन पावलं मागं उभा राहून म्हणाला, "थोडं जाणवतं."

सगळे हसले. मी मात्र तारेला झाकायचा प्रयत्न करत होते. दीड वेढ्यात किती झाकणार?

घरात धाकटाही आहे, चार वर्षांचा. दिव्यासाठी चप्पल लागते एवढं त्याला पाठ होतं. ती कुठं घालायची, हे कुणी सांगितलं नव्हतं. आज दुपारी तो दोन्ही हातांत चपला घालून स्टुलावर चढला. अनवाणी, पाय ओले. चपलेनं बटण दबेना. म्हणून त्यानं एक चप्पल काढली आणि बोट पुढं केलं.

ताईनं त्याला कमरेला धरून मागं ओढलं. तो भोकाड पसरून रडला. तिनं मेन स्विच पाडला आणि त्या स्विचपुढंच उभी राहिली.

"अगं, लाव ना! फ्रीजमधलं दूध नासेल," बाबा म्हणाले.

"नासू दे."

"'होऊन जाईल'ला उद्या बोलावतो."

"त्याला नको. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेचं वायरिंग करणाऱ्या बाईंना बोलावा. त्या येईपर्यंत मी इथून हलणार नाही." यात तिची उद्याची वाक्यंसुद्धा खर्च झाली.

बाबांनी फोन लावला.

आता त्या बाई स्टुलावर चढल्या आहेत. टेस्टर लावून वीज बंद असल्याची त्यांनी आधी खात्री केली, मग तो एकुलता एक स्क्रू काढला. "हिरवी, अर्थिंगची वायर असती तर तार पितळेला टेकली त्याच दिवशी मेन आपोआप पडला असता," त्या म्हणाल्या. "हे कुणाचं काम?" सगळे माझ्याकडे बघताहेत. चप्पलसुद्धा.

माझी तक्रार नाही. पण एक विनंती आहे. दिवा लागला म्हणजे काम झालं, असं धरून चालू नका. आणि कुणी हिरवी वायर कापायला लागला, तर त्याचा हात तिथंच धरा आणि विचारा, की बाबा रे, ही जर शोभेची असती तर—

"चल, निघ गं बाहेर. पुष्कळ झाकलंस."