नल आला

"नल काय नि अनडिफाइन्ड काय, दोन्ही म्हणजे रिकामंच ना? मग दोनदा कशाला तपासायचं?" आमच्या प्रोग्रॅमिंगच्या टीममधल्या नव्या मुलीनं विचारलं आणि मी उगाचच तिच्यावर खेकसले. चूक तिची नव्हती. आईच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आज येणार होता, दादा तिला घेऊन दवाखान्यात बसला होता आणि माझा फोन सकाळपासून मुका होता.

हा फरक मला आईमुळेच कळला. तेव्हा घरात एकच कॉम्प्युटर आणि त्यावर दादाचं राज्य. नातेवाइकांच्या फोन नंबरांचा प्रोग्रॅम तो लिहीत होता. एखाद्या नावापुढे काही सापडलं नाही की आतून ओरडायचा, "नल आला!" पहिल्यांदा ओरडला तेव्हा आई बादली घेऊन मोरीत धावली. नळ कोरडा ठणठणीत. "कुठे आलाय रे नळ?" दादा हसून लोळायला लागला आणि पाठीत धपाटा खाऊन उठला.

मग त्यानं समजावलं. धाकट्या मावशीकडे फोनच नाही, हे विचारून झालंय, तिथे नल. काकांचा नंबर कुणी विचारलाच नाही, तिथे अनडिफाइन्ड.

"म्हणजे एक 'नाही' आणि एक 'माहीत नाही'," आई म्हणाली. "त्यासाठी कॉलेजात घातलं होय तुला?"

अनडिफाइन्ड तिच्या जिभेवर कधी बसलंच नाही. ती त्याला 'ते अंड्याफिंड्याचं' म्हणायची. पुढे बाबाही शिकले. भाजी आणली का विचारलं की पिशवी उलटी करून "नल" म्हणायचे. त्या दोन खोल्यांत आम्ही किती हसायचो. ते दिवस मला पुन्हा हवे आहेत, अगदी त्या धपाट्यांसकट.

मी त्या मुलीला मावशीची आणि काकांची गोष्ट सांगितली. "'नाही' पचवता येतं गं. 'माहीत नाही'नं जीव टांगणीला लागतो." मग गाठीचंही सांगितलं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

फोन वाजला. नंबर दादाचा, आवाज आईचा.

"बादली घेऊन पळ," ती म्हणाली. "नल आला."

"आई, नीट सांग."

"नीटच सांगतेय. तपासलं त्यांनी. तसलं काही नाही त्यात."

मी टेबलावर डोकं टेकून रडायला लागले. नव्या मुलीनं हळूच विचारलं, "ताई, कुठलं रिकामं?"

"विचारून झालेलं," मी म्हटलं.