एकशे बारावं पान आणि माझा वॉशर

मी एक जुना हापसा आहे, आणि मित्रांनो, हे सांगताना माझा दांडा आपोआप थोडा वर जातो.

मला येरवड्यात रोवलं तेव्हा इथे सोसायटी नव्हती, हंड्यांच्या रांगा होत्या. माझ्याभोवती बायका भांडल्या, इथेच त्यांनी एकमेकींच्या मुलींची लग्नं जुळवली. मग सोसायटी आली, नळ आले, मोटर आली. माझा दांडा साखळीने बांधून टाकला. अकरा वर्षं माझ्यावर फक्त पायपुसणी वाळली. शेवटी सभेत ठरलं की येत्या रविवारी हापसा उपटायचा आणि तिथे चेअरमन उत्तरेश्वररावांची नवी गाडी उभी करायची.

मला वाचवलं एका कादंबरीने. तेही ती चुकली म्हणून.

खडकीच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करून निवृत्त झालेल्या विमलाबाई दुपारी माझ्या ओट्यावर बसून वाचतात. त्यांची सून तनुजा खराडीला नोकरी करते. तिने त्यांना जग संपल्यानंतरची एक गोष्ट आणून दिली होती. शहरं ओस पडलेली, वीज गेलेली, उरलेली मूठभर माणसं कशीबशी जगणारी. विमलाबाई वाचता वाचता पुटपुटत.

"नव्वद पानं झाली. बंदुका मोजून झाल्या, हंडा अजून एकाच्याही हातात नाही."

पण पुस्तक सोडवत नव्हतं. नायकाची लहान मुलगी तापाने फणफणली, तेव्हा त्यांनी हळूच पदर डोळ्यांना लावला. आणि मग आलं एकशे बारावं पान. त्या नायकाला वीस वर्षं बंद पडलेला हापसा सापडतो, तो दोनदा दांडा मारतो आणि धो धो पाणी येतं.

विमलाबाईंनी पुस्तक मिटलं. "वीस वर्षांनी? आणि वॉशर कोण बदलून गेलं, याची आत्या?"

मग त्या वळून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी चेअरमनना गाठलं आणि हापसा उपटू नका, मी तो चालू करून दाखवते, असं सांगितलं. हे खूळ कादंबरीत वाचलं का, असं चेअरमननी हसून विचारलं. बाई म्हणाल्या, हो, तिथे चुकलंय, इथे दुरुस्त करते. रविवारपर्यंत पाणी काढलं नाही, तर पहिला घण मीच घालीन.

लोहगावचे भैरू मिस्त्री आले. त्यांनी माझे पाईप एकेक करून वर ओढले. तळातून चामड्याचा वॉशर निघाला. तो हातात धरून ते म्हणाले, "बाई, वॉशर कुठला, पापड हाय ह्यो." नवा वॉशर विमलाबाईंनी दिवसभर गोडेतेलात मुरवला, लोणचं मुरवावं तसा.

रविवारी घण घेतलेली माणसं उभी होती. विमलाबाईंनी दांडा धरला. दहा वेळा मारला, मी नुसता कण्हलो. वीस. चेअरमननी घड्याळ पाहिलं. तिसाव्याला बाईंचा वेग मंदावला, तेव्हा तनुजाने पुढे होऊन त्यांच्या हातांवर आपले हात ठेवले.

चाळिसाव्याला माझ्या घशात काहीतरी गुडगुडलं. आधी तांबडं, गंजाचं पाणी आलं. मग गढूळ. मग, मित्रांनो, काचेसारखं! अकरा वर्षांचं पाणी ओटा ओलांडून थेट चेअरमनच्या बुटांवर गेलं.

उत्तरेश्वररावांनी बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बूट काढून बाजूला ठेवले, पँट दुमडली आणि दांड्याला हात घातला.

"परभणीला आमच्या घरी हे काम माझ्याकडेच होतं," ते म्हणाले. घणवाली माणसं पाणी पिऊन परत गेली.

गाडी आता गल्लीत उभी असते. नळाला पाणी नसतं त्या गुरुवारी माझ्यापुढे पुन्हा रांग लागते, आणि चेअरमन बादली घेऊन तिसऱ्या नंबरवर असतात. विमलाबाईंनी कादंबरी शेवटपर्यंत वाचली. ती तापलेली मुलगी जगते, हे कळल्यावरच त्यांनी लेखकाला माफ केलं. तरी पुस्तक परत देताना एकशे बाराव्या पानात एक चिठ्ठी ठेवली: "पाणी येतं. आधी वॉशर बदला."

तुम्हीही जग संपायची वाट पाहू नका, मित्रांनो. उद्या शाळेतून येताना दहा वेळा दांडा मारून जा. वॉशर ओला राहतो, आणि मीही.