भिंतीसारखं दार

स्वयंपाकघरातल्या कपाटाचा पांढरा पल्ला तिने तळहाताने दाबला. खटका सुटल्याचा बारीक आवाज झाला आणि पल्ला बोटभर पुढे आला. आत डबे होते. तिने शेजारचा दाबला. आत गॅसचं सिलिंडर. त्याच्या शेजारच्यात ताटं, वाट्या आणि दुमडून ठेवलेलं जेवणाचं टेबल. बाबा कुठेच नव्हते.

“मी फक्त कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले,” मावशी तिच्या मागून म्हणाल्या. ती कामावर गेली की बाबांजवळ दिवसभर त्याच असत. “काका खुर्चीत बसले होते हो, ताई. पेपर उलटा धरला होता, तो सरळ करून दिला आणि मग मी गेले.”

मावशींचा फोन आल्याबरोबर ती काम टाकून आली होती. खाली वॉचमनला विचारून झालं होतं. गॅलरीला जाळी होती. बाहेरचं दार बंद होतं. म्हणजे बाबा घरातच होते, आणि दोन खोल्यांच्या घरात सापडत नव्हते.

घर तिनेच आखलं होतं. लहान घरांत मोठ्या सोयी बसवणं हा तिचा व्यवसाय होता आणि त्यात तिचं नाव होतं. बाबांनी नोकरीत असेपर्यंत लोकांच्या घरी जाऊन विजेचे मीटर वाचले. निवृत्त झाल्यावर हळूहळू ते विसरायला लागले. निवृत्त झालो, हेही विसरले. खांद्याला पिशवी अडकवून कामावर निघायचे. शेवटच्या वेळी ते हमरस्त्याच्या मधोमध सापडले. दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते आणि बाबा दिव्याच्या खांबावरचा नंबर वाचत उभे होते.

तिने दाराला कुलूप लावलं, तर त्यांनी दारावर डोकं आपटून घेतलं. कपाळाला टाके पडले. मग तिने दारच दिसेनासं केलं. कुलपाशी माणूस भांडतो, भिंतीशी कोण भांडणार, असा तिचा हिशेब होता. नुसती दाराची मूठ काढली तर दार उलट जास्तच डोळ्यांत भरायला लागलं. म्हणून तिने घरातल्या सगळ्याच मुठी काढल्या, सगळ्या भिंतींना एकाच मापाचे पांढरे पल्ले लावले आणि त्यांतलाच एक पल्ला म्हणजे बाहेरचं दार. बाकीचे पल्ले छातीच्या उंचीवर दाबले की उघडत. दाराचा खटका मात्र गुडघ्याच्या उंचीवर, कोपऱ्यात होता. तिथे कुणाचा हात सहज जात नाही.

गिऱ्हाइकं घर बघायला येत आणि भिंतींवरून हात फिरवत. मावशींना मात्र ते कधी पटलं नाही. या घरात मीठ शोधायचं तर पोलिसांचं कुत्रं आणावं लागेल, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

सुरुवातीचे दिवस बाबा भिंती चाचपत फिरले. मग थांबले. ती सगळ्यांना सांगत होती की बाबा आता रुळले.

“बाबा!”

ती ऐकत उभी राहिली. फट दिसू नये म्हणून प्रत्येक पल्ल्याच्या कडेने तिने रबराची पट्टी बसवून घेतली होती. सुताराने विचारलंही होतं, एवढं घट्ट कशाला. आत धूळ जात नाही, असं तिने त्याला सांगितलं होतं. आत आणखी काय काय जात नाही, याचा ती आता विचार करत होती.

आतून ढकललं तर पल्ला उघडत होता. तिला किंवा मावशींना ते सहज जमलं असतं. पण ढकलायचं असतं हे आतल्या माणसाला सुचायला हवं.

ती झोपायच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. बाबांचा पलंग भिंतीत उचलून लावलेला होता. दुपारी त्यांना पडायला लागतं म्हणून तो दिवसभर खालीच ठेवायचा, असं ठरलेलं होतं.

“पलंग कुणी उचलला?”

मावशींनी पलंगाकडे पाहिलं. तोंडावर पदर धरला.

“मी नाही उचलला, ताई.”

पलंग आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम गादीची जाडी मावत होती. पलंग जड, पण खालून रेटणाऱ्या पिस्टनमुळे एका बोटाने उचलला जाई. माणूस वर असला तरी तो उचलला जाईल का, हे तिने कधी तपासलं नव्हतं. तिने दोन्ही हातांनी कड धरली आणि हळूहळू खाली ओढायला लागली. अर्ध्यावर आल्यावर आतून काहीतरी घसरलं आणि तिच्या पायांवर पडलं. उशी होती. नुसती उशी आणि पांघरूण.

मावशींनी उशी उचलून झटकली. मग म्हणाल्या, सकाळी केर काढताना आपणच उचलला असेल, आता काही आठवत नाही, या घरात राहून आपलंही काकांसारखंच व्हायला लागलंय.

ती हसली नाही. न्हाणीघराच्या बाजूला कोटांचं अरुंद, उंच कपाट होतं. तिने ते दाबलं.

बाबा आत उभे होते. दोन्ही बाजूंना लटकणारे कोट, मध्ये बाबा, तोंड दाराकडे, खांद्याला पिशवी, हात पुढे एकमेकांवर ठेवलेले. कपाळावर घाम होता. चेहरा मात्र शांत होता.

“या,” ते म्हणाले. “जागा आहे. वर जायचंय की खाली?”

ती आत सरकली, त्यांना धरून बाहेर आणावं म्हणून. पण बाबांनी तिच्या मागे हात घालून पल्ल्याच्या आतल्या बाजूची गळपट्टे टांगायची दांडी धरली आणि पल्ला ओढून घेतला. अंधार झाला.

“दार नीट लागल्याशिवाय हलत नाही ही लिफ्ट,” ते म्हणाले. मग म्हणाले, “अडकते मधूनमधून. तुम्ही घाबरू नका, बाई. मीपण बराच वेळ उभा आहे. कुणीतरी येतं.”

आत लोकरीचा आणि त्यांच्या घामाचा वास कोंडला होता. बाहेर मावशी हाका मारत होत्या. तिने पल्ल्यावर हात टेकला, पण ढकलेना. बाहेर तीच खोली होती. इतका वेळ धीराने थांबलेल्या माणसाला तीच खोली दाखवायची होती.

शेवटी तिने ढकललं.

बाबा उजेडात आले, इकडेतिकडे बघितलं आणि त्यांनी आवाज एकदम खाली आणला.

“अहो, हे तर कुणाचं तरी घर आहे.”

समोर मावशी उभ्या होत्या. बाबांनी त्यांना हात जोडले.

“माफ करा. मजला चुकला.”

“असू द्या,” मावशी डोळे पुसत म्हणाल्या. “होतं असं.”

बाबा पाय न वाजवता चालायला लागले. लोकांच्या घरात इकडेतिकडे बघायचं नाही, आपलं काम झालं की निघायचं, हे ते तिला लहानपणापासून सांगत आले होते. चालता चालता ते एका पल्ल्यापाशी थांबले, मग दुसऱ्यापाशी. त्यांनी तिची बाही धरली.

“दार कुठंय यांच्या घराला? चोर समजतील आपल्याला.”

मावशींनी तिच्याकडे बघून मान हलवली. नको.

बाबांच्या ओठांवरचा रंग गेला होता. कपाटात इतका वेळ उभं राहूनही ते घाबरले नव्हते. इथे, स्वतःच्या घराच्या मधोमध, घाबरले होते. ती वाकली आणि गुडघ्याच्या उंचीवर कोपऱ्यात दाबलं. दार बोटभर पुढे आलं. जिन्यातला गार वारा आत आला.

ती दाराशेजारी हात आडवा धरून उभी राहिली. पण बाबा बाहेर निघाले नाहीत. ते तिच्या हाताची जागा बघत होते. मग त्यांनी दार हलकेच लावून घेतलं, एक हात गुडघ्यावर ठेवून वाकले आणि त्याच कोपऱ्यात दाबलं. दार उघडलं. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा दाबलं.

“इथं होय,” ते म्हणाले. ओठांवर रंग परत आला होता.

मग ते मावशींकडे वळले आणि नेहमीच्या अदबीने म्हणाले, “आता कळलं, बाई. पुढच्या वेळी तुम्हाला त्रास देणार नाही.”