काही त्रास नाही

"हे दोन्ही फॉर्म अगदी सारखे आहेत," सरांसमोर कागद ठेवत मी म्हणालो. "इंजेक्शन सुरू व्हायच्या आधीचा आणि वर्षानंतरचा. पाचही प्रश्नांना पहिलीच चौकट. काही त्रास नाही."

"म्हणजे फरक शून्य." सरांनी मान वर केली नाही.

"पहिला फॉर्म खोटा आहे, सर."

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या बायकोचा आहे."

तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं.

विद्यापीठातला आमचा गट आरोग्याचं अर्थशास्त्र करतो. नवं औषध सरकारी दवाखान्यात द्यावं की नाही, हे ठरवायला आकडे पुरवतो. औषधाआधी माणूस कसा होता आणि नंतर कसा झाला, यातला फरक पुरेसा असेल तर औषध यादीत जातं. इथे सगळे डॉक्टरेटवाले, मी एकटा बावीस वर्षं फॉर्म तपासणारा. कोरी जागा, चौकटीबाहेरची खूण, एकाऐवजी दोन खुणा, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. फॉर्मवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. पण आमच्या घरचा नंबर मला पाठ होता.

बायकोचे सांधे सात वर्षांपूर्वी आखडले. आंघोळ मी घालायचो, वेणीही मीच. माझी पहिली वेणी आरशात बघून ती हसता हसता रडली होती. मग या अभ्यासात तिला इंजेक्शनं मिळाली. चौथ्या महिन्यात तिने बटणं स्वतः लावली आणि मला स्वयंपाकघरातून हाकलून दिलं. वर्ष सरलं, अभ्यास संपला, इंजेक्शनं थांबली. त्याला आता चार महिने झाले होते आणि आंघोळ पुन्हा माझ्याकडे आली होती.

पहिल्या मुलाखतीला आमच्याच ऑफिसातल्या ताई घरी आल्या होत्या. नियमाप्रमाणे मी तेवढा वेळ बाहेर फिरत होतो. ती काय सांगते आहे, मला काय माहीत! घरचा म्हणून तो फॉर्म तेव्हा सरांनीच तपासला होता; मी तो आज गठ्ठे लावताना पहिल्यांदा पाहिला.

"एकट्या तुमच्याच घरचं नाहीये हे," सर म्हणाले. "निम्म्याहून जास्त फॉर्म असेच आहेत. परक्या माणसापुढे कोण रडगाणं गातं?"

"मग दुरुस्त करू या ना, सर. एकदा पुन्हा विचारू सगळ्यांना."

"आता? औषध घेऊन झाल्यावर? आणि उत्तर देणाऱ्याचं उत्तर बदलायचं नाही, हे मला इथे कोणी शिकवलं?"

मीच शिकवलं होतं. चांगलं खडसावून शिकवलं होतं.

सर माणूस वाईट नाहीत. चष्मा काढून ते बराच वेळ डोळे चोळत राहिले. "तळटीपेत लिहिलंय मी," ते म्हणाले. समिती तळटीप वाचत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. अहवाल दुपारी गेला.

घरी गेलो तर बायको खिडकीपाशी बसली होती. मी चपलाही न काढता सगळं सांगून टाकलं. आवाज चढलाच. "त्या दिवशी तरी खरं बोलायचंस! सकाळी मीच तुला आंघोळ घातली होती!"

"त्या ताई रोज तुमच्या शेजारी बसून डबा खातात," ती म्हणाली. "त्यांना काय सांगू, नवरा आंघोळ घालतो म्हणून?"

मी चपला काढून दाराशी ठेवल्या.

"म्हणजे औषध हातचं गेलं का हो?"

"गेलं."

"बाकीच्यांचंही?"

"सगळ्यांचंच."

ती पदराच्या टोकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पिशवीत कोरा फॉर्म आहे?"

"असेल. पण आता काय उपयोग? आणि नातेवाइकाने घेतलेली मुलाखत चालत नाही."

"नाही चालली तर नाही. तुम्ही विचारा."

मी खुर्ची ओढून समोर बसलो. छापलेला प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, पदरचा शब्द घालायचा नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर मी बायकोला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणत होतो.

"तुम्हाला चालण्यात काही त्रास होतो का?"

"बराच."

"आंघोळ करण्यात, कपडे घालण्यात?"

"स्वतःची स्वतः करताच येत नाही."

"रोजची कामं?"

"नाही जमत."

शाळेत उभं राहून उत्तरं द्यावीत तशी ती सावकाश, स्पष्ट बोलत होती. पुढचा प्रश्न वेदनेचा. मी आधीच दुसऱ्या चौकटीवर पेन टेकवलं होतं. रोज सकाळी मी विचारतो, दुखतंय का, आणि रोज ती म्हणते, छे हो, थोडंसं.

"शेवटची चौकट," ती म्हणाली.

"शेवटची म्हणजे असह्य."

"वाचता येतं मला."

"कधीपासून?"

"हे फॉर्ममध्ये आहे का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग पुढचं विचारा."

पुढचा प्रश्न चिंता आणि निराशेचा होता. तोही मी शब्दन्‌शब्द वाचला. ती खिडकीबाहेर बघत होती. उत्तराची घाई करायची नाही, असाही एक नियम आहे. समोरच्या घरांत दिवे लागले, तरी मी पेन धरून तसाच बसलो होतो.