प्लेटांची सोयरीक

पुणतांब्याच्या मनकर्णाबाईंनी चौकशी केल्याशिवाय त्यांच्या भावकीत एकही पोरगी उजवली जात नसे. मुलाकडचे लोक शेती किती, बंगला केवढा ते सांगत राहायचे, आणि मनकर्णाबाई ते एका कानाने ऐकून त्या घरात आधी आलेल्या सुनेच्या माहेरी जाऊन यायच्या. तिथे ओट्यावर टेकून चहा घेता घेता त्या एवढंच विचारायच्या, "तुमची पोरगी पैल्यांदा आजारी पडली, तवा दवाखान्यात कोन बसलं हुतं?" लग्नात सगळेच गोड वागतात, त्यात काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं. या एका प्रश्नावरून त्यांनी जमत आलेल्या सोयरिकी मोडल्या होत्या आणि त्यापायी शिव्याही पोटभर खाल्ल्या होत्या. शिव्यांचं त्यांना कधी काही वाटलं नाही.

या खेपेला चौकशी पोराची नव्हती, घरावर बसवायच्या सोलरची होती. आणि ती थेट नवऱ्याच्या जिवाशी येऊन भिडली होती.

राधाकृष्णरावांची फुप्फुसं कोरोनानंतर पहिल्यासारखी झालीच नाहीत. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन ठेवलेलं, त्याची नळी नाकाला, आणि मशीन विजेवर. वैशाखात भर दुपारी वावटळ सुटली, रस्त्याकडचे खांब आडवे झाले आणि लाईट गेली ती येईचना. घरातला इन्व्हर्टर थोड्याच वेळात दमला. मग सिलिंडर लावला. सिलिंडरवरचा काटा खाली खाली येत होता आणि राधाकृष्णराव त्या काट्याकडे बघत पडले होते. बोलायला श्वासच नव्हता. मनकर्णाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. दिवेलागणीला लाईट आली आणि निभावलं, पण त्या दुपारी त्या भ्याल्या होत्या, लग्न होऊन या घरात आल्यापासून कधी भ्याल्या नव्हत्या इतक्या. असं पुन्हा होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी तिथेच, त्या खाटेजवळ ठरवून टाकलं.

पुण्यात नोकरीला असलेल्या करणने, त्यांच्या मुलाने, लगेच धावाधाव केली. सोलर बसवायची, सोबत मोठी बॅटरी घ्यायची, म्हणजे लाईट असो नसो, मशीन चालू राहील. त्याने नगरची एक मोठी एजन्सी शोधली आणि तिचा माणूस घरी पाठवला. पार्थ त्याचं नाव. इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप, जिभेवर साखर. त्याने राधाकृष्णरावांच्या पायांना हात लावला, सुनेच्या हातच्या चहाचं कौतुक केलं आणि म्हणाला, "काकू, आता तुम्ही निश्चिंत झोपायचं. पुढची पंचवीस वर्षं बघायचं काम आमचं."

"ते ऱ्हाऊ दे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमच्यावर नाराज हाय असं येखादं घर सांग."

पार्थ हसला. "आमच्यावर नाराज कुणीच नाही, काकू."

ज्या घरात आमच्या सासू-सुना कधी भांडल्याच नाहीत असं सांगतात, तिथून मनकर्णाबाई चहा न पिता उठत. पण इथे घर त्यांचंच होतं, त्यामुळे उठता येईना. त्यांनी नुसती मान हलवली. पार्थने जाताना नुकत्याच काम झालेल्या घरांची नावं देऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी करणचा फोन आला. एजन्सीला संध्याकाळपर्यंत होकार द्यायचा होता. कोपरगावचा जीशान म्हणून एक पोरगा ही कामं करतो असं दवाखान्यात कुणीतरी सांगितलं होतं, त्याचाही विषय निघाला.

"आई, मी त्याला दोनदा फोन लावला. उचलत नाही तो," करण म्हणाला. "जो आत्ताच फोन उचलत नाही तो उद्या दुरुस्तीला काय येणार? अप्पांचं मशीन आहे. उगाच कुणाच्याही हाती द्यायचं का?"

पोराचं काही चुकत नव्हतं. मनकर्णाबाईंनी स्वतः जीशानला फोन लावून पाहिला. रिंग वाजून वाजून थांबली. त्यांच्या मनात त्या पोराचं नाव तिथेच मागे पडलं. पण चौकशी ती चौकशी, अर्धी टाकून चालत नाही. शेजारच्या वाल्मिकला त्यांनी मालकांजवळ बसवलं आणि सून मोनिकाला म्हणाल्या, "काढ तुजी स्कूटी."

"पार्थने दिलेल्या घरांकडे जायचं ना, आई?"

"त्यांच्याकडं न्हाई. त्यांची हळद अजून उतरली न्हाई. चितळीला चल, लंकाबाईकडं."

चितळीला एका मुलीसाठी स्थळ बघायला गेल्या असताना लंकाबाईच्या स्लॅबवर त्यांनी त्याच एजन्सीच्या सोलरच्या प्लेटा पाहिल्या होत्या, त्यालाही आता बरेच दिवस झाले होते. लंकाबाईने मनकर्णाबाईंना दारात पाहिलं आणि तिची एकच धांदल उडाली. चटई पसरली, पोह्यांची ऑर्डर आत गेली, आणि कुणी काही विचारायच्या आत ती सुरू झाली, "आमचा नातू लई गरीब सोभावाचा हाय बघा. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत न्हाई."

मोनिकाने तोंडाला ओढणी लावली.

"अगं बाई, तुजा नातू सोन्याचा असंल, पन आज मी नातू बघाया आले न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुज्या प्लेटा बघाया आले."

लंकाबाईचा चेहरा पडला, आणि प्लेटांचं नाव काढल्यावर आणखी पडला. जिन्याखालचं सोलरचं मशीन तिने दाखवलं. त्यावर लाल दिवा जळत होता. "दिवाळीपास्नं बंद हाय. बसवाया आले तवा पेढे घिऊन आल्ते. आता फोन लावला तर उचलत न्हाईत."

"लाव बरं माझ्यासमोर."

लंकाबाईने तिच्या मोबाईलवरून पार्थला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. पुन्हा लावला, तेच. मनकर्णाबाईंनी कमरेची पिशवी उघडली, आपला मोबाईल काढला आणि तोच नंबर लावला.

दुसरी रिंगसुद्धा झाली नाही. "नमस्कार काकू! ठरलं ना मग आपलं?"

लंकाबाई त्या मोबाईलकडे बघतच राहिली.

"चितळीला आलेय, लंकाबाईच्या घरी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्यांचं मशीन दिवाळीपास्नं बंद हाय."

मग पार्थ म्हणाला, "सर्व्हिसचं काम वेगळी टीम बघते, काकू. मी सांगतो त्यांना. तुमचं तसं होणार नाही, तुमच्याकडे मी स्वतः लक्ष देईन."

"त्यांच्याकडं कोन देनार हुतं?"

फोन कटला. पोहे आले होते, पण मनकर्णाबाईंनी बशी बाजूला सारली. त्यांना राग आला होता, आणि त्या रागाखाली तीच भीती होती. हे मशीन एका घरचा पंखा फिरवत होतं म्हणून बरं. आपल्या घरी त्याला नळी लावलेली असती तर?

स्कूटीवर बसताना मोनिका हळूच म्हणाली, "आई, हे तर बाद झाले. पण दुसरा तर फोनच उचलत नाही. मग आपण करायचं काय?"

"बघू," मनकर्णाबाई म्हणाल्या. आपल्याजवळ उत्तर नाही हे सुनेला कळू नये म्हणून त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "कोपरगावला घे."

जीशानचं दुकान कोपरगावात एका गल्लीच्या तोंडाशी होतं. दुकान कसलं, वायरींची वेटोळी आणि उघडून ठेवलेली मशीनं यांतून वाट काढून आत जायचं. जीशान नव्हता. त्याची बहीण नाझनीन टेबलाशी बसली होती. भाऊ कामावर गेलाय, संध्याकाळी येईल, असं तिने सांगितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

मनकर्णाबाईंनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. "तुज्या भावावर कुनी रागावलेलं हाय का गं?"

नाझनीन खुदकन हसली. "हायेत की, मावशी. वारी गावचे बिभीषण नाना. रस्त्यात भेटले तरी तोंड फिरवत्यात."

"पत्ता दे त्यांचा."

पोरीने एका दमात पत्ता सांगितला, वर शॉर्टकटही सांगितला. मनकर्णाबाई दुकानातून बाहेर आल्या त्या जरा ताठ चालत. इतक्या वर्षांत आपल्या घरावर रुसलेल्या माणसाचा पत्ता त्यांना कुणी हसत दिला नव्हता.

बिभीषण नाना वारीला घरापुढच्या चिंचेखाली बसले होते. जीशानचं नाव काढायचा अवकाश, त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"त्या पोराचं नाव नगा घेऊ माझ्यापुढं! त्याच्याकडनं सोलर बसवून मी कानाला खडा लावला. पैल्या पावसाळ्यात ईज पडली, मशीन जळालं. कंपनी म्हनली, इजेनं जळालेलं आमी बदलून देत न्हाई."

"मग जीशान काय म्हनला?"

"काय म्हननार? सांगितलं व्हतं तुमाला नाना, असं म्हनला. मला! दुकानातलं कसलंतरी जुनं मशीन आनून लावलं, ते रातंदिस गुनगुन करायचं. नवं येईस्तवर तीच गुनगुन ऐकत झोपलो."

"म्हंजे घर अंधारात ऱ्हायलं न्हाई."

"न्हाई ऱ्हायलं. पन ती गुनगुन!" नाना आणखी तापले. "आन उन्हाळ्यात काय झालं, ऐका. लाईट कमी व्हायला लागली, म्हनून बोलावला. आला, वर चढला आन वरनंच वरडाया लागला. आमच्या मंडळीनं प्लेटांवर कुरडया वाळत घातल्या हुत्या."

मोनिकाला हसू आवरेना. "प्लेटांवर?"

आतून नानांची बायको बाहेर आली. "तापलेल्या असत्यात, सपाट असत्यात, धूळ न्हाई का मुंग्या न्हाईत. कुरडईला त्याच्यापरीस चांगली जागा कुठली, तुमीच सांगा."

"चिकाचा पांढरा थर बसला म्हनला!" नाना म्हणाले. "माझ्या बायकोला म्हनला, काकू, हितलं वाळवन बंद करा न्हाईतर लाईट बंद करा. तिच्यादेखत गुडघ्यावर बसून समद्या प्लेटा पुसून काढल्या आन मलाबी पुसायला लावल्या. ह्या वयात मला स्लॅबवर चढवलं त्यानं!"

"कुरडयाबी घिऊन गेला डबाभर," बायको म्हणाली.

"तू गप ऱ्हा."

मनकर्णाबाई ऐकत होत्या. नाना एकेक तक्रार काढत होते, आणि दरवेळी 'आला' हा शब्द त्या मनाशी धरून ठेवत होत्या. मशीन जळालं, आला. लाईट कमी झाली, आला. शिव्या खाऊनही आला. तरीही सकाळची न उचललेली रिंग त्यांच्या डोक्यातून जाईना. बोलण्यात माणूस चांगला निघतो आणि नेमक्या वेळी फोन वाजत राहतो, असंही होऊ शकतं. इथे चूक झाली तर ती भावकीतल्या कुणाच्या पोरीला भोगायची नव्हती.

"नाना," त्या म्हणाल्या, "आत्ता त्याला फोन लावा."

"मी? मी बोलत न्हाई त्याच्याशी."

"बोलू नगा. नुसता लावा. मला बघायचंय."

नानांनी कुरकुरत मोबाईल काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. एक रिंग झाली. मोनिकाने सासूचा हात धरला.

"बोला नाना." पलीकडे वाऱ्याचा आवाज होता. "काय झालं? लाल दिवा लागला का पिवळा?"

नाना गोंधळले. त्यांना सांगायला काहीच नव्हतं. "काय न्हाई झालं. समदं चालू हाय," ते गुरकावले.

"मग ठीक. मी छपरावर हाय, खाली उतरून फोन करू का?"

मनकर्णाबाईंनी हात पुढे करून मोबाईल घेतला. "मी मनकर्णा, पुनतांब्याची. सकाळी तुला फोन केल्ता. उचलला न्हाईस."

"माफ करा मावशी. छपरावर असलो की नवे नंबर घेत न्हाई, संध्याकाळी लावतो. जुन्या गिऱ्हाइकाचा मात्र घ्यावाच लागतो. त्याचं काय बंद पडलंय, सांगता येत न्हाई."

मनकर्णाबाईंच्या छातीवरचं ओझं हललं. पण अजून एक विचारायचं होतं. "माझ्या मालकांचं ऑक्सिजनचं मशीन तुज्या सोलरवर चालनार हाय. लाईट गेली तर मी निवांत झोपू का?"

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "बॅटरी मोठी देईन, काही बिघडलं तर जमंल तेवढ्या लवकर येईन. पन भरलेला सिलिंडर उशाशी ठेवायचाच. माझ्यावर समदा भरवसा टाकू नका. मशीनच हाय ते, आन मीबी मानूसच हाय."

मनकर्णाबाईंनी पदराने डोळे टिपले. बिभीषण नाना दुसरीकडे बघू लागले.

"उद्या घर बघाया ये," त्या म्हणाल्या. "आन माझा नंबर आत्ताच जुन्यांत घाल."

परतीच्या वाटेवर मोनिकाने स्कूटी कडेला घेतली आणि करणला फोन लावला. नगरवाल्यांना नको म्हणून कळवा, काम जीशानला द्यायचं ठरलंय, असं तिने सांगितलं. करण वैतागला. त्या पोराचं धड ऑफिस नाही, फोन तो उचलत नाही, असं काय बघितलं तुम्ही त्याच्यात, त्याने विचारलं.

मोनिकाने मागे बसलेल्या सासूकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनी तूच सांग अशी खूण केली.

"त्याच्याशी भांडलेल्या माणसाचा फोन त्यानं पहिल्या रिंगला उचलला," मोनिका म्हणाली.

"एवढंच?"

"अप्पांचा श्वास अडकेल तेव्हा आपल्याला एवढंच लागणार आहे," ती म्हणाली आणि तिने स्कूटी सुरू केली.